तास कोण घेणार?

२००९ साली जिल बायडन उपराष्ट्राध्यक्षांच्या पत्नी म्हणून वॉशिंग्टनला आल्या आणि आल्याआल्याच त्यांनी नदीपलीकडच्या नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी लेखन शिकवायची नोकरी धरली. त्याआधी डेलावेअरमध्येही त्या वर्षानुवर्षं अशाच कॉलेजात शिकवत होत्या. २०२१ मध्ये नवरा राष्ट्राध्यक्ष झाला तरी नोकरी सुरूच राहिली. सरकारी विमानात बसून विद्यार्थ्यांचे निबंध तपासणाऱ्या 'फर्स्ट लेडी'चं वर्तमानपत्रांनी भरपूर कौतुक केलं. त्यांच्या सहकाऱ्यांना त्या गठ्ठ्याचं नवल वाटलं नसावं, कारण गठ्ठा प्रत्येकाच्याच पाठीला लागलेला असतो. हेवा वाटण्याजोगी गोष्ट वेगळीच होती. बाई परदेशी जात होत्या आणि नोकरीही टिकून होती. कम्युनिटी कॉलेजातल्या शिक्षकाला या दोन गोष्टी एकत्र क्वचितच साधतात.

परदेशी जाऊन शिकवायला, शिकायला, तिथल्या वर्गात बसून यायला अमेरिकेत पैसे मिळतात. फुलब्राइटचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच्या आजूबाजूला छोट्यामोठ्या बऱ्याच योजना आहेत. त्यातल्या काही तर खास कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांसाठीच आखलेल्या. तरीही या कॉलेजांची संख्या आणि त्यांच्यातून परदेशी गेलेल्यांची संख्या शेजारी मांडली, की दुसरा आकडा फार किरकोळ दिसतो. असं का, याचा माग काढत गेलं की गुणवत्ता, इंग्रजी, पीएच.डी. ही नेहमीची उत्तरं मागे पडतात आणि आपल्याकडच्या कुठल्याही स्टाफरूममध्ये ऐकू येणारा प्रश्न समोर येतो: तुम्ही जाल हो, पण तुमचे तास कोण घेणार?

मराठी वाचकाला कम्युनिटी कॉलेज अगदीच परकं नाही. एडिसनला मुलाकडे राहून आलेल्या आजी-आजोबांनी मिडलसेक्स कॉलेजच्या आवारात फेऱ्या मारलेल्या असतात. क्युपर्टिनोला लग्न होऊन गेलेली आणि व्हिसामुळे नोकरी करू न शकणारी मुलगी डी अँझा कॉलेजात अकाउंटिंगचा किंवा प्रोग्रॅमिंगचा वर्ग लावते. शाळकरी नातू उन्हाळ्यात तिथेच गणिताचं 'क्रेडिट' उरकून घेतो. एवढं असूनही "आमचा अथर्व कम्युनिटी कॉलेजला आहे" हे वाक्य महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात जरा दबक्या आवाजातच उच्चारलं जातं. दोन वर्षांचं, स्वस्त, प्रवेशपरीक्षा नसलेलं कॉलेज आपल्या पालकांच्या हिशेबात कमीच ठरतं. अमेरिकेचा हिशेब निराळा आहे. तिथे पदवीपूर्व शिकणाऱ्यांपैकी जवळजवळ चाळीस टक्के अशा कॉलेजांत असतात. कॉलेजं हजाराच्या वर आहेत. एकाच वर्गात अठरा वर्षांचा पोरगा, रात्रपाळी करून आलेली नर्सिंगची विद्यार्थिनी, कारखाना बंद पडल्यामुळे पन्नाशीत वेल्डिंग शिकायला आलेला माणूस आणि कालपरवा त्या देशात उतरलेलं निर्वासित कुटुंब असं सगळं सापडतं.

सुरुवात १९०१ सालची. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना पदवीची पहिली दोन वर्षं विद्यापीठाबाहेर काढायची होती, आणि शिकागोजवळच्या जोलिएटमधल्या हायस्कूलचे मुख्याध्यापक जे. स्टॅनली ब्राउन यांना आपल्या मुलांना गावातच पुढचं शिक्षण द्यायचं होतं. दोघांची गरज जुळली. सहा विद्यार्थ्यांवर जोलिएट ज्युनियर कॉलेज सुरू झालं. पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं हा प्रकार 'ज्युनियर कॉलेज' या नावानेच चालला. १३ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी उच्च शिक्षणावर एक आयोग नेमला. जॉर्ज झूक त्याचे अध्यक्ष. आयोगाचा अहवाल पुढच्या वर्षी आला. शाळेनंतरची दोन वर्षं फुकट असावीत आणि गावोगावी, लोकांच्या दाराशी, कॉलेजं असावीत, असं त्यात सांगितलं होतं. 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव खऱ्या अर्थाने रूढ झालं ते या अहवालानंतर.

तारखेवर मी थोडा रेंगाळतो, कारण आयोग नेमल्यावर तीन आठवड्यांच्या आत, १ ऑगस्ट १९४६ रोजी, त्याच ट्रुमन यांनी आणखी एका कागदावर सही केली. तो फुलब्राइट कायदा. एक योजना अमेरिकेच्या गावातल्या मुलाला गावातच शिकवणारी, दुसरी अमेरिकेच्या विद्वानाला जगभर पाठवणारी. दोन्हींचा उगम एकाच उन्हाळ्यातला आणि दोन्हींवर सही एकाच माणसाची. पुढची कितीतरी वर्षं मात्र दोघींची एकमेकींशी नीट ओळखच झाली नाही.

फुलब्राइट कायद्याची कुळकथा मजेची आहे. जे. विल्यम फुलब्राइट हे आर्कान्सासचे. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले आणि तिथून जग पाहून परतले. १९३९ मध्ये चौतिसाव्या वर्षी ते आर्कान्सास विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. दोनच वर्षांत गव्हर्नर होमर ॲडकिन्स यांच्या राजकारणात त्यांची खुर्ची गेली. फुलब्राइट निवडणुकीला उभे राहिले, प्रतिनिधिगृहात गेले आणि १९४४ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी जे रिंगणात होते त्यांत खुद्द ॲडकिन्सही होते. फुलब्राइट जिंकले. सिनेटमधल्या पहिल्याच वर्षी, सप्टेंबर १९४५ मध्ये, त्यांनी एक छोटं विधेयक मांडलं. युद्ध नुकतंच संपलं होतं. जगभर अमेरिकन सैन्याचे ट्रक, जीप, बुलडोझर, डबाबंद अन्न, तंबू पडून होते. हे सगळं मायदेशी परत नेणं परवडणारं नव्हतं, आणि ज्यांना ते हवं होतं त्या देशांकडे डॉलर नव्हते. हा माल आपल्याकडेही आला होता. 'डिस्पोजलचा माल' हा शब्दप्रयोग चाळिशी-पन्नाशीच्या दशकांत मुंबई-पुण्यात घरोघरी होता. डिस्पोजलची जीप, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची ताडपत्री.

फुलब्राइट यांची युक्ती अशी की, देशांनी या मालाचे पैसे त्यांच्याच चलनात द्यावेत, ते पैसे त्याच देशात ठेवावेत आणि त्यातून तिथे जाणाऱ्या अमेरिकनांचा व तिथून येणाऱ्यांचा खर्च भागवावा. अमेरिकन करदात्याच्या खिशातून नवा डॉलर काढायचा नाही. १९४४ च्या शिल्लक-माल कायद्याला जोडलेली ही दुरुस्ती इतकी रूक्ष दिसत होती, की ती फारशी चर्चा न होताच मंजूर झाली. हे फुलब्राइट यांना हवंच होतं. पहिला करार नोव्हेंबर १९४७ मध्ये चीनशी झाला, पाठोपाठ ब्रह्मदेशाशी. भारताशी २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. प्रजासत्ताक होऊन आठवडाच उलटला होता. सह्या पंडित नेहरू आणि अमेरिकन राजदूत लॉय हेंडरसन यांच्या. २००८ मध्ये भारत सरकार खर्चात बरोबरीचा वाटेकरी झालं आणि शिष्यवृत्त्यांना 'फुलब्राइट-नेहरू' असं जोडनाव मिळालं. आजवर चार लाखांवर माणसं या योजनेतून इकडून तिकडे गेली आहेत.

याच फुलब्राइट यांनी १९५६ मध्ये शाळांमधला वर्णभेद चालू ठेवण्याच्या बाजूच्या 'दक्षिणी जाहीरनाम्या'वर सही केली होती, हेही नोंदवलं पाहिजे. जगाशी मैत्री आणि शेजारच्या काळ्या मुलाला वेगळी शाळा, असं त्यांचं राजकारण होतं. आज कम्युनिटी कॉलेजांत काळ्या आणि लॅटिनो विद्यार्थ्यांची मोठी गर्दी असते. त्यांच्या शिक्षकाला फुलब्राइट मिळण्याचा प्रश्न मी या पार्श्वभूमीवर वाचतो.

आता मूळ अडचणीकडे वळू.

फुलब्राइटचा साचा विद्यापीठातल्या प्राध्यापकाला बेतून शिवलेला आहे. त्याला दर सहा-सात वर्षांनी एक सेमिस्टर किंवा वर्षभराची पगारी रजा मिळते. त्या काळात त्याचे दोन वर्ग कुणीतरी घेतं, त्याचा पगार निम्मा का होईना चालू असतो. त्याच्याकडे पुस्तकाचा विषय असतो, परदेशातल्या विद्यापीठात ओळखीचा कुणी असतो आणि बोलावण्याचं पत्र ईमेलने येतं. शिष्यवृत्तीला अर्ज हा त्याच्या कामाचाच भाग असतो, आणि मिळाली तर बढतीच्या कागदांत तिची नोंद होते.

समजा, आयोवातल्या एखाद्या कम्युनिटी कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत. सेमिस्टरला पाच वर्ग ही तिथली नेहमीची वाटणी. शिवाय प्रयोगशाळा, शिवाय विद्यार्थ्यांना ठरावीक वेळी केबिनमध्ये भेटणं, शिवाय समित्या. संशोधन नोकरीच्या अटींत नाही, म्हणून त्यासाठी वेळही नाही. परदेशातलं एक सेमिस्टर हवं असेल तर अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत जातो. आधी अमेरिकेतले जाणकार तो तपासतात, मग यजमान देशातलं मंडळ. निकाल कळतो वसंतात, आणि निघायचं त्यानंतरच्या शरदात किंवा पुढच्या वसंतात. म्हणजे कॉलेजच्या डीनला दीड वर्ष आधी विचारावं लागतं. डीन म्हणतात, आनंदच आहे, पण ॲनाटॉमीचे तुमचे तीन वर्ग नर्सिंगच्या मुलींना सक्तीचे आहेत. तास कोण घेणार?

बदली शिक्षक मिळाला तरी पुढे पगार, आरोग्यविमा, सेवेत खंड, पेन्शनचा हिशेब अशी माळ लागते. शिष्यवृत्तीचा पैसा परक्या शहरात राहण्याजेवण्यापुरता धरलेला असतो. आयोवातल्या घराचा हप्ता त्यात बसत नाही. रजेचं काय, हे युनियनच्या करारात लिहिलेलं असलं तर ठीक. नसलं तर विनावेतन. काही कॉलेजांत पगारी अभ्यासरजा आहे, पण वर्षाला एखाददुसऱ्याच शिक्षकाला. तिच्यासाठी रांग लागते, आणि त्या रांगेत परदेशवारीपेक्षा नवीन अभ्यासक्रम लिहिणाऱ्याचा नंबर आधी लागतो.

आणि या बाई तरी कायम नोकरीतल्या. सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांतले साधारण दोन-तृतीयांश शिक्षक अर्धवेळ आहेत. वर्गामागे पैसे, पुढच्या सेमिस्टरची खात्री नाही. पोट भरायला एकाच आठवड्यात दोन-तीन कॉलेजांत शिकवायचं. कॅलिफोर्नियात अशा शिक्षकांना 'फ्रीवे फ्लायर' म्हणतात. पुस्तकं आणि कपड्यांचा जोड गाडीच्या डिकीत, जेवण सिग्नलला. अशा माणसाला अर्ज करायला नियम आडवे येत नाहीत. पण तो चार महिने गेला तर परत येईपर्यंत त्याचे वर्ग दुसऱ्या कुणाला दिलेले असतात. रजा देणारंच कुणी नसतं, कारण रजा द्यायला आधी नोकरी असावी लागते.

मग असा शिक्षक परदेशी गेला नाही तर बिघडलं काय? शिकवणं चाललंच आहे की. यावर मला आकडेमोड करावीशी वाटते. पाच वर्ग, वर्गात पंचवीस विद्यार्थी धरले तर सेमिस्टरला सव्वाशे, वर्षाला अडीचशे. दहा वर्षांत एका शिक्षकाच्या हाताखालून अडीच हजार मुलं जातात. त्यातली बहुतेक कधीच परदेशी शिकायला जाणार नाहीत. परदेशात काही काळ शिकून येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांत कम्युनिटी कॉलेजवाल्यांचा वाटा कसाबसा दोन टक्क्यांच्या घरात असतो. बाळ, दोन नोकऱ्या, कर्ज हे सगळं सोडून कोण जाणार? त्यांच्या वाट्याला बाहेरचं जग येणार असेल तर ते शिक्षकाच्या बोलण्यातूनच. एका शोधनिबंधासाठी वर्षभर बाहेर राहणाऱ्या विद्यापीठीय पंडिताचा लाभ फार तर वीसेक जणांच्या परिसंवादापुरता उरतो, असं मी म्हटलं तर पंडित रागावतील. रागावू देत.

ही अडचण ओळखणारेही होते. अमेरिकेतल्या काही कम्युनिटी कॉलेजांनी १९७६ मध्येच आंतरराष्ट्रीय कामासाठी आपली संघटना काढली. तिचा कारभार बराच काळ आयोवातल्या सीडर रॅपिड्सच्या कर्कवुड कम्युनिटी कॉलेजातून चालला. मका आणि डुकरांच्या प्रदेशातलं एक कॉलेज जगाशी पत्रव्यवहार करत होतं, ही गोष्ट मला फार आवडते. हवाईच्या ईस्ट-वेस्ट सेंटरने आणि हवाई विद्यापीठाने १९९० मध्ये आशिया अभ्यासाचा कार्यक्रम सुरू केला, तो मुद्दाम पदवीपूर्व शिकवणाऱ्यांसाठी. आशियातला तज्ज्ञ तयार करणं हा त्याचा हेतू नाही. इतिहास, तत्त्वज्ञान, इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने आपल्याच नेहमीच्या अभ्यासक्रमात आशियाचे दोन-चार धडे आत्मविश्वासाने शिकवावेत, इतकंच. सुट्टीत काही आठवड्यांचं शिबिर, मग क्षेत्रभेट. कम्युनिटी कॉलेजची माणसं त्यात मोठ्या संख्येने आली, कारण सुट्टीत तास कोण घेणार हा प्रश्नच नव्हता.

पुढे इतरांनाही हे कळलं. परदेशातल्या अमेरिकन संशोधन केंद्रांची जी मध्यवर्ती परिषद आहे, तिने कम्युनिटी कॉलेज आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या संस्थांमधल्या शिक्षकांसाठी दोन-तीन आठवड्यांची परदेशी शिबिरं काढली. सेनेगल, जॉर्डन, मेक्सिको, कंबोडिया, श्रीलंका आणि भारतही. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण सगळं शिबिराच्या खर्चाने. डाकारमध्ये बसून सेनेगलचा इस्लाम समजून घेणारा कॅन्ससचा समाजशास्त्राचा शिक्षक परतल्यावर 'धर्म' या धड्याला वेगळ्याने सुरुवात करतो. धडा तोच, क्रेडिट तेवढीच.

भारतातल्या शिबिरामागे जी संस्था उभी आहे तिचं मूळ पुण्यात आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने स्थापन झाली, आणि तिचं भारतातलं पहिलं ठाणं डेक्कन कॉलेजच्या आवारात होतं. पैशाचा एक मोठा भाग 'पीएल-४८०'च्या रुपयांतून आला. हो, तोच लाल मिलो आणि रेशनचा गहू. अमेरिकेने भारताला धान्य विकलं, भारताने रुपयांत पैसे दिले, ते रुपये इथेच अडकले आणि त्यातून विद्वान आले, ग्रंथ गेले. डिस्पोजलच्या जीपने जे केलं तेच वीस वर्षांनी मिलोने केलं. मिलोच्या भाकरीला नाकं मुरडणाऱ्या कुणाला ठाऊक असणार, की आपल्या ताटातून एक अमेरिकन संशोधक मराठी शिकतो आहे!

फुलब्राइटनेही आपला साचा थोडा सैल केला. काही देशांसाठीच्या जागांना पीएच.डी.ची अट नाही. व्यवसायातला अनुभव चालतो. एका सलग सेमिस्टरऐवजी दोन-तीन तुकड्यांत जायची मुभा काही ठिकाणी मिळते. 'फुलब्राइट स्पेशालिस्ट' नावाच्या प्रकारात मुक्काम चौदा ते बेचाळीस दिवसांचाच. आधी तज्ज्ञांच्या यादीत नाव लागतं, मग परदेशातल्या एखाद्या संस्थेने बोलवावं लागतं. कॉलेजच्या कार्यालयात आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्यांसाठी दोन आठवड्यांच्या अभ्यासभेटी असतात. भारतही त्यातला एक देश. शिक्षण खात्याच्या फुलब्राइट-हेज योजनेतून, जिचा कायदा १९६१ चा, उन्हाळ्यात चार-सहा आठवड्यांचे दौरे निघत. दुसरीकडे, दोन देशांतल्या दोन शिक्षकांनी वर्षभर सरळ एकमेकांच्या जागी जाऊन शिकवायचं आणि प्रत्येकाचा पगार आपापल्या संस्थेने चालू ठेवायचा, अशी जुनी अदलाबदलीची योजना होती. ती पुढे बंद झाली. माझ्या मते ती सगळ्यांत शहाणी योजना होती. तास कोण घेणार, याचं उत्तर तिच्यात आयतंच होतं: तिकडचा शिक्षक इकडे येऊन घेणार.

अल्पमुदतीच्या योजनांवर एक टीका नेहमी होते. दोन आठवड्यांत काय कळतं? पर्यटनच ते. टीकेत तथ्य आहे. दिल्ली, आग्रा, जयपूर, एखादी झोपडपट्टी आणि एखादी स्वयंसेवी संस्था एवढं बघून भारतावर बोलणारे आपण पाहिले आहेत. पण मला हा आक्षेप अर्ध्यावर सोडावासा वाटतो. ज्याला चार महिने मिळूच शकत नाहीत त्याला चौदा दिवसही देऊ नका, असं म्हणण्यात विद्वत्तेचा आग्रह कमी आणि सोवळं जास्त आहे. आणि चांगल्या शिबिरांत घरी परतल्यावर अभ्यासक्रमात नेमका काय बदल केला ते लिहून द्यावं लागतं, ही अट पर्यटकाला नसते.

उलट दिशेचा प्रवासही आहे. 'स्कॉलर-इन-रेसिडेन्स' या फुलब्राइटच्या शाखेत अमेरिकन कॉलेजच मागणी नोंदवतं, की आम्हाला अमुक देशातला, अमुक विषयाचा माणूस एका सेमिस्टरसाठी किंवा वर्षासाठी पाठवा. यात कम्युनिटी कॉलेजांना, काळ्यांच्या ऐतिहासिक कॉलेजांना, मूलनिवासींच्या कॉलेजांना प्राधान्य मिळतं. आलेल्या पाहुण्याने एक-दोन वर्ग शिकवायचे आणि उरलेल्या वेळात गावातल्या शाळा, चर्च, ग्रंथालयांत बोलायचं. ज्या गावात भारतीय माणूस म्हणजे मोटेल चालवणारे पटेल एवढीच ओळख असते, तिथे भारतातली एक प्राध्यापिका वर्षभर भाजी घेताना, बर्फ झाडताना दिसते. शिक्षकाला बाहेर पाठवता येत नसेल तर बाहेरचा शिक्षक आत आणा, हा विचार इथेही तोच. २००७ पासून आणखी एक योजना चालली. तिच्यात भारतासह बऱ्याच देशांतल्या, घरची परिस्थिती बेताची असलेल्या तरुणांना एक शैक्षणिक वर्ष अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात शेती, पर्यटन, माध्यमं, माहिती तंत्रज्ञान, बालशिक्षण असे विषय शिकायला नेत. पदवी नाही, प्रमाणपत्र. कॉलेजांच्या त्या गटाचं नेतृत्व जिल बायडन शिकवत होत्या त्याच नॉर्दर्न व्हर्जिनियाकडे होतं.

आपल्याकडेही कम्युनिटी कॉलेजं आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमेरिकन नमुना समोर ठेवून पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये एक सुरू केलं. चेन्नईत फादर झेवियर अल्फोन्स यांनी त्याची चळवळच केली: शाळा सुटलेल्या, कॉलेज न परवडलेल्या मुलांना हाताचं कौशल्य आणि बोलण्या-वागण्याचा आत्मविश्वास एकत्र द्यायचा. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने दिल्लीत या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद घेतली. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने योजना आणली. मग बी.व्होक. आलं. महाराष्ट्रातल्या अनेक अनुदानित कॉलेजांच्या फाटकावर मुख्य नावाखाली 'कम्युनिटी कॉलेज' अशी एक छोटी पाटी त्या काळात लागली. काही ठिकाणी पाटी अजून आहे.

या पाटीखालचा शिक्षक बहुधा कंत्राटी. योजनेचा निधी येत राहील तोवर पगार, नाहीतर वाट पाहायची. आणि मुख्य कॉलेजातही परिस्थिती काही फार वेगळी नाही. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे 'सीएचबी'वरचे प्राध्यापक हा महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणाचा कणा आहे, असं म्हटलं तर कण्याला वाईट वाटेल इतक्या कमी पैशांत ते काम करतात. नेट-सेट झालेले, पीएच.डी. मिळवलेले, चाळिशीला टेकलेले लोक सकाळी एका तालुक्यात आणि दुपारी दुसऱ्या तालुक्यात मोटरसायकलवरून तास घ्यायला जातात. तास घेतला तर पैसे. दिवाळीची सुट्टी म्हणजे बिनपगारी. कॅलिफोर्नियाच्या फ्रीवेवर आणि बार्शी-कुर्डूवाडी रस्त्यावर एकाच वेळी दोन माणसं दुसऱ्या वर्गाला उशीर होतोय म्हणून वेग वाढवत असतात, आणि त्यांना एकमेकांची गंधवार्ता नसते.

या दोघांना एकमेकांकडे पाठवावं, अशी एकही योजना माझ्या पाहण्यात नाही. फुलब्राइट-नेहरूची अध्यापक आणि व्यावसायिकांसाठीची शिष्यवृत्ती चार ते नऊ महिन्यांची. अध्यापकाकडे पीएच.डी. किंवा त्या तोलाचं प्रकाशित काम हवं, आणि नोकरीत असाल तर मालकाने रजेला संमती दिल्याचा कागद हवा. अट रास्त आहे. पण सीएचबीवरच्या माणसाने हा कागद कुणाकडून आणायचा? कायम प्राध्यापकालाही संस्थाचालकांची ना-हरकत, विद्यापीठाची परवानगी, सहसंचालक कार्यालयातली फाइल असा प्रवास अमेरिकेच्या प्रवासाआधी करावा लागतो. तो पुरा झाला की प्राचार्य विचारतात, की नॅकची समिती नेमकी त्याच वर्षी येणार आहे, मग विभागाचं काय? मुंबईतल्या फुलब्राइट कार्यालयाच्या माहितीसत्रांना गर्दी होते, ती बहुतेक आयआयटी, विद्यापीठ विभाग आणि नामांकित स्वायत्त महाविद्यालयांच्या वर्तुळातली. परभणीच्या किंवा सावंतवाडीच्या कॉलेजातला माणूस तिथे पोहोचेपर्यंत दिवस आणि रजा दोन्ही खर्ची पडतात.

दरम्यान अमेरिकेत पायाखालची जमीनच सरकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने विनिमय योजनांचे पैसे काही काळ रोखले. परदेशी पोहोचलेल्या आणि अमेरिकेत आलेल्या अनेक शिष्यवृत्तीधारकांचे हप्ते अडकले. शिक्षण खात्याने फुलब्राइट-हेजच्या समूह प्रकल्पांची २०२५ ची स्पर्धा घेतलीच नाही. ११ जून रोजी फुलब्राइटच्या बारा जणांच्या मंडळातल्या एक सोडून सगळ्यांनी राजीनामे दिले. आपण निवडलेल्या अनेक अमेरिकन प्राध्यापकांच्या शिष्यवृत्त्या सरकारने कायदा डावलून नाकारल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षासाठी राष्ट्राध्यक्षांनी मांडलेल्या अंदाजपत्रकात या सगळ्या सांस्कृतिक-शैक्षणिक विनिमयावरचा खर्च नव्वद टक्क्यांहून जास्त कापायचा प्रस्ताव होता. प्रस्ताव म्हणजे निर्णय नव्हे. तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसकडे असतात. पण अशा वेळी आधी कोण गळतं हे सांगायला अंदाजपत्रक वाचावं लागत नाही. हार्वर्डच्या प्राध्यापकाला दुसरे पैसे सापडतात. चौदा दिवसांच्या शिबिरावर ज्याची सगळी मदार होती, त्याला ते सापडत नाहीत.

कम्युनिटी कॉलेजांचा बराचसा पैसा मात्र वॉशिंग्टनकडून येत नाही. जिल्ह्याचा मालमत्ता कर, राज्याचं अनुदान आणि विद्यार्थ्यांची फी यांवर ती चालतात, आणि त्यांच्या विश्वस्तांना अनेक ठिकाणी गावकरीच मत देऊन निवडतात. शिक्षकाला एक सेमिस्टर मोकळं द्यायचं की नाही, हे बऱ्याचदा याच मंडळाच्या संध्याकाळच्या सभेत ठरतं. मागच्या रांगेत बसून कुणीही करदाता उठून विचारू शकतो, की आमच्या पैशाने या बाईंना सेनेगलला कशाला पाठवताय? जिथे डीनला या प्रश्नाचं उत्तर येतं, तिथून शिक्षक जातात. उत्तरात दोन गोष्टी लागतात. परत आल्यावर कोणत्या वर्गात काय बदलेल हे नाव-क्रमांकासह सांगायचं, आणि तोवर ॲनाटॉमीचे तीन वर्ग कोण घेणार त्या माणसाचं नाव सांगायचं.